स्वमग्नता आणि माशाचं तेल : पुरावा किती, आशा किती?

“तुम्ही ओमेगा सुरू केलंत का?” थेरपी सेंटरमध्ये मूल आत गेलं, की बाहेर बसलेल्या पालकांत हा प्रश्न हमखास निघतो. कुणी ब्रँडचं नाव सांगतं, कुणी डोस. एक आई सांगते, महिनाभरात मुलगा हाक मारल्यावर वळून बघायला लागला. दुसरी म्हणते, आमच्याकडे काडीचा फरक नाही, वर मासळीच्या वासाचे ढेकर. डॉक्टरांना विचारावं तर बहुधा उत्तर येतं, “द्यायला हरकत नाही.” तेवढ्या भरवशावर स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, शॅडो टीचर यांच्या महिन्याच्या खर्चात आणखी एका बाटलीची भर पडते.

हरकत नसणं वेगळं आणि उपयोग होणं वेगळं. स्वमग्न मुलांना ओमेगा-३ मेदाम्लं दिली तर नेमकं काय होतं, हे तपासणाऱ्या चाचण्या गेल्या वीसएक वर्षांत ऑस्ट्रिया, अमेरिका, कॅनडा, न्यूझीलंड अशा अनेक देशांत झाल्या आहेत. त्यांचे आकडे समजायला अवघड नाहीत. पण ज्या घरांत ही बाटली येते, त्या घरांपर्यंत ते पोचत नाहीत. पोचते ती फक्त जाहिरात आणि ऐकीव अनुभव.

मुळात ही कल्पना खुळचट नाही, हे आधी सांगायला हवं. १९२९ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना स्निग्धांशाचा लवलेशही नसलेला आहार दिला. उंदरांची वाढ खुंटली, कातडी खवल्यांसारखी झाली. ठरावीक मेदाम्लं देताच ते सावरले. काही मेदाम्लं शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, ती अन्नातूनच मिळवावी लागतात, हे त्यातून कळलं. त्यांचे दोन मुख्य गट म्हणजे ओमेगा-६ आणि ओमेगा-३. आपल्याकडच्या करडई, सूर्यफूल, शेंगदाणा या तेलांत ओमेगा-६ भरपूर असतं, ओमेगा-३ जवळपास नसतं. ते मिळतं जवस आणि अक्रोडातून, आणि थोडंफार मोहरी व सोयाबीनच्या तेलातून. जवसाच्या तेलाचा तर साधारण निम्मा भाग ओमेगा-३चाच असतो.

पण इथे एक मेख आहे. जवसातलं ओमेगा-३ हे एएलए या छोट्या साखळीच्या रूपात असतं. मेंदूला हवं असतं ते लांब साखळीचं डीएचए. एएलएपासून आधी ईपीए आणि मग डीएचए बनवण्याची सोय शरीरात आहे, पण ती फार तोकडी. शिवाय त्यासाठी लागणारी विकरं ओमेगा-६लाही लागतात, त्यामुळे दोघांत ओढाताण होते. बांगडा, तारली यांसारख्या तेलकट माशांत मात्र ईपीए आणि डीएचए तयार मिळतं. माशांच्या अंगात ते येतं समुद्रातल्या सूक्ष्म शैवालापासून. म्हणूनच शाकाहारी कुटुंबांसाठी शैवालापासून काढलेलं डीएचएही बाजारात आहे.

मेंदूतलं पाणी काढून टाकलं, तर जे उरतं त्यातला सुमारे ६० टक्के भाग स्निग्ध पदार्थांचा असतो. डीएचए हा चेतापेशींच्या आवरणाचा महत्त्वाचा घटक आहे. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आणि जन्मानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत मेंदू ते झपाट्याने साठवतो. ईपीएचा संबंध दाह आटोक्यात ठेवणाऱ्या रसायनांशी आहे. स्वमग्नतेत मेंदूच्या जोडण्या वेगळ्या तऱ्हेने घडतात, काही मुलांत दाहाच्या खुणाही दिसतात. तेव्हा संशोधकांचं लक्ष या मेदाम्लांकडे जाणं स्वाभाविक होतं. २००१ मध्ये फ्रान्समधल्या एका गटाने स्वमग्न मुलांच्या रक्तद्रवातलं डीएचए मोजलं. बौद्धिक अक्षमता असलेल्या इतर मुलांच्या तुलनेत ते २३ टक्क्यांनी कमी भरलं. हा आकडा पुढे असंख्य माहितीपत्रकांवर झळकला.

रक्तात कमी आहे म्हणजे त्या कमतरतेमुळेच स्वमग्नता आली, असा मात्र अर्थ होत नाही. स्वमग्न मुलांच्या आईबापांना याचं कारण वेगळं सांगावं लागत नाही. त्यांच्या घरी कुणी फक्त दहीभात खातं, तोही एकाच वाटीतून. कुणी एकाच कंपनीची बिस्किटं खातं आणि पुड्याचं रंगरूप बदललं की तीही सोडतं. मासळीचा वास आला की नाक झाकून स्वयंपाकघराबाहेर पळणारी मुलं आहेत. अशा मुलाच्या रक्तात डीएचए कमी भरलं, तर ते त्याच्या स्वमग्नतेचं कारण नसून परिणाम असू शकतं. दुसरं असं की स्वमग्नतेची मुळं बव्हंशी जनुकांत आहेत. पाच देशांतल्या वीस लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींवर आधारलेल्या २०१९ च्या अभ्यासात अनुवंशिकतेचा वाटा सुमारे ८० टक्के निघाला, आणि मेंदूतले हे बदल जन्माआधीच सुरू झालेले असतात. घर बांधून झाल्यावर सिमेंटची गोण आणली म्हणून पाया बदलत नाही. डागडुजी होऊ शकते, आणि ती होते का एवढाच खरा प्रश्न आहे.

तो तपासण्याचा एकच भरवशाचा मार्ग आहे. चिठ्ठ्या टाकल्यासारखे मुलांचे दोन गट करायचे, एकाला खरं तेल, दुसऱ्याला तसंच दिसणारं डमी. कुणाला काय मिळतंय हे मुलाला, पालकांना आणि तपासणाऱ्यालाही ठाऊक नसलं पाहिजे. माशाच्या तेलाच्या बाबतीत हे बोलण्याइतकं सोपं नाही, कारण वास लपत नाही. सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात स्टीफन बेंट यांच्या गटाने त्यासाठी संत्र्याच्या स्वादाच्या पुडिंगची छोटी पाकिटं वापरली. सकाळ-संध्याकाळ एकेक पाकीट, दिवसाला १.३ ग्रॅम ओमेगा-३.

त्याच्या आधी २००७ मध्ये व्हिएन्नातली एक छोटी चाचणी प्रसिद्ध झाली होती. प्रचंड राग, आक्रमकपणा, स्वतःला इजा करणं असा त्रास असलेली ५ ते १७ वर्षांची १३ मुलं, आणि सहा आठवड्यांचा काळ. तेल घेणाऱ्या मुलांत अतिचंचलता थोडी कमी होण्याकडे कल दिसला. प्राथमिक अभ्यास म्हणून तो ठीकच होता, पण १३ मुलांवरून काही ठरत नाही. बेंट यांच्या २०११ च्या चाचणीत ३ ते ८ वर्षांची २७ मुलं होती आणि ती १२ आठवडे चालली.

निकाल मोजला कसा जातो, तेही थोडं जवळून पाहू. या अभ्यासांत सगळ्यात जास्त वापरली जाते ती १९८५ मध्ये तयार झालेली ५८ प्रश्नांची एक यादी. चिडचिड, अलिप्तपणा, तीच तीच कृती करत राहणं, अतिचंचलता आणि अप्रस्तुत बोलणं अशा पाच भागांत ती विभागलेली आहे. पालक प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण देतात. शून्य म्हणजे त्रास नाही, तीन म्हणजे भारी त्रास. बेंट यांच्या पहिल्या चाचणीत अतिचंचलतेचे गुण तेल घेणाऱ्या गटात सरासरी २.७ ने उतरले, डमी गटात ०.३ ने. हे ऐकायला बरं वाटतं. पण मुलामुलांतला फरकच इतका मोठा होता की हा आकडा निव्वळ योगायोगानेही सहज आला असता.

त्याच २०११ मध्ये कॉक्रेन या संस्थेने तोवरच्या सगळ्या चाचण्या चाळल्या. ही संस्था जगभरातले वैद्यकीय पुरावे गोळा करून तपासते. तिच्या कसोटीला उतरलेल्या चाचण्या भरल्या दोन, आणि दोन्ही मिळून मुलं ३७. तोपर्यंत जगभरात हजारो घरांत ओमेगाच्या बाटल्या पोचलेल्या होत्या.

पुढच्या काही वर्षांत आकडे वाढले, चित्र मात्र उजळलं नाही. बेंट यांनी २०१४ मध्ये दुसरी चाचणी केली, ती पूर्णपणे इंटरनेटवरून. अमेरिकेतल्या २८ राज्यांतली ५७ मुलं अवघ्या तीन महिन्यांत गोळा झाली आणि पालक-शिक्षकांनी प्रश्नावल्या घरबसल्या भरल्या. अतिचंचलतेचे गुण तेलाच्या गटात ५.३ ने उतरले आणि डमी गटात ३.४ ने. फरक पुन्हा त्याच दिशेचा आणि पुन्हा तितकाच डळमळीत. मला यातला दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो. ज्या मुलांना तेलाचा थेंबही मिळाला नाही, तीही पालकांना सुधारलेली दिसली.

अमेरिकेतच त्याच वर्षी आणखी एका गटाने ३ ते १० वर्षांच्या ४८ मुलांना सहा महिने रोज २०० मि.ग्रॅ. डीएचए किंवा डमी देऊन पाहिलं. रक्तातलं डीएचए छान वाढलं, वागण्यात फरक पडला नाही. २०१५ मध्ये टोरोंटोच्या संशोधकांनी २ ते ५ वर्षांची ३८ मुलं घेतली. इतक्या लहान वयात सुरुवात केली तर उपयोग होईल, अशी आशा होती. दिवसाला दीड ग्रॅमपर्यंत ओमेगा-३ सहा महिने दिलं. स्वमग्नतेच्या लक्षणांत सुधारणा झाली नाही. उलट आदळआपट, आक्रमकपणा अशा वागण्याचे गुण तेलाच्या गटात थोडे बिघडले. न्यूझीलंडमध्ये वर्षभर चाललेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र चिडचिड कमी झाल्याचं दिसलं. त्यात ११७ मुलं होती आणि ओमेगा-३, ‘ड’ जीवनसत्त्व, दोन्ही एकत्र आणि डमी असे चार गट होते. शेवटपर्यंत टिकली ७३ मुलं, म्हणजे एकेका गटात सरासरी अठराच.

एक अभ्यास म्हणतो चिडचिड कमी झाली, दुसरा म्हणतो आदळआपट वाढली, तिसरा म्हणतो काहीच नाही. याचा अर्थ लावताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. प्रत्येक चाचणीत पाच-दहा गोष्टी मोजलेल्या असतात आणि मुलं मूठभर. तेल पूर्ण निकामी असलं तरी इतक्या मोजमापांत एखादा आकडा नशिबाने वर येणारच, आणि एखादा खालीही जाणार. २०१७ मध्ये दोन वेगळ्या गटांनी जवळपास याच चाचण्या एकत्र करून पाहिल्या. सहा चाचण्यांतली १९४ मुलं तपासणारा एक गट म्हणाला, अतिचंचलता, अलिप्तपणा आणि पुनरावृत्ती यांत किंचित फायदा असावा. पाच चाचण्यांतली १८३ मुलं पाहणाऱ्या दुसऱ्या गटाच्या मते, अलिप्तपणासारखे एखाद-दुसरे अपवाद सोडले तर काही हाती लागत नाही. संवाद आणि सामाजिक देवाणघेवाण हा स्वमग्नतेचा गाभा. तिथे ठाम फायदा दोघांनाही सांगता आला नाही.

लहान अभ्यासातली आशा मोठ्या अभ्यासात विरून गेल्याचं उदाहरण जवळच्याच क्षेत्रात आहे. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१२ मध्ये वाचनात मागे पडलेल्या ७ ते ९ वर्षांच्या ३६२ मुलांना रोज ६०० मि.ग्रॅ. डीएचए देऊन पाहिलं. एकूण मुलांत फरक नव्हता, पण सर्वांत मागे असलेल्या मुलांचं वाचन सुधारल्याचं दिसलं. बातम्या अर्थातच त्या सुधारणेच्या झाल्या. मग त्याच संशोधकांनी तशाच मुलांवर, या खेपेस ३७६ जणांवर, तोच प्रयोग पुन्हा केला. २०१८ मध्ये निकाल आला तेव्हा ती सुधारणा गायब होती. आपलाच आनंददायी निष्कर्ष आपणच पुन्हा तपासून तो टिकला नाही हे छापणं, याला मी उत्तम विज्ञान म्हणतो. या बातमीला वर्तमानपत्रांत पहिल्या बातमीइतकी जागा मिळाली असती, तर बरं झालं असतं.

आता पालक विचारतील, आणि विचारायलाच हवं, “मग आम्हाला डोळ्यांनी दिसतं ते खोटं का?”

खोटं मुळीच नाही. मुलगा वळून बघायला लागला, तर तो खरोखरच बघायला लागलेला असतो. पण ते कशामुळे, हे घरात बसून ओळखता येत नाही. स्वमग्नतेच्या इतिहासात याचा सगळ्यात मोठा धडा सिक्रेटिन या संप्रेरकाने दिला. १९९८ मध्ये पोटाच्या तपासणीसाठी हे संप्रेरक टोचलेली तीन स्वमग्न मुलं नंतर बोलू लागली, नजर देऊ लागली, असा अहवाल आला. टीव्हीवर ते गाजलं आणि अमेरिकेत पालकांच्या रांगा लागल्या. वर्षभराने साठ मुलांवरची रीतसर चाचणी प्रसिद्ध झाली. एकाच इंजेक्शननंतर सिक्रेटिनच्या गटात सुधारणा दिसली, आणि खाऱ्या पाण्याचं इंजेक्शन घेतलेल्या गटातही दिसली. दोन गटांत फरक नव्हता. हे सगळं पालकांना समजावून सांगितल्यावरही त्यांच्यातल्या ६९ टक्के जणांना सिक्रेटिन हवंच होतं. या पालकांना भाबडं म्हणणं अन्यायाचं होईल. ज्यांच्यापुढे दुसरं काहीच ठेवलेलं नाही, ते हातातलं सोडणार कसे?

तज्ज्ञांच्या नजरेलाही हेच होतं. सिटालोप्रॅम हे नैराश्यावरचं औषध स्वमग्न मुलांची पुनरावृत्ती कमी करतं, असा समज होता. २००९ मध्ये १४९ मुलांवरची चाचणी आली. औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ३३ टक्के मुलं सुधारली, डमी घेणाऱ्यांपैकी ३४ टक्के.

यामागे काही जादू नाही. नवा उपाय आपण सुरू करतो तो बहुधा वाईट काळात. शाळा बदलली, झोप उडाली, चावणं-मारणं वाढलं की नवी बाटली येते. असा काळ अनेकदा आपसूकच ओसरतो आणि श्रेय बाटलीला मिळतं. त्यात मूल वाढत असतं, थेरपी चालू असते. आणि एकदा आशा धरली की घरातलं माणूस मुलाकडे जास्त लक्षपूर्वक, जास्त मायेने बघू लागतं. त्याने मूलही थोडं खुलतं. म्हणून तर डमी गटाची गरज असते.

पोषणाच्या वाटेने उपाय शोधण्याची ही ओढ आली कुठून, तेही पाहण्यासारखं आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांचं वर्णन करून स्वमग्नतेला वैद्यकात जागा दिली. पण त्यानंतरची दोन दशकं दोष दिला गेला तो आयांना. माया कमी पडली म्हणून मूल असं झालं, असं नामवंत डॉक्टर बोलत होते. ते खोडून काढलं बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, १९६४ मध्ये. स्वमग्नता जैविक आहे, हे त्यांनी पुराव्यानिशी मांडलं. त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. हेच रिमलँड पुढे ‘ब-६’ जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियमच्या मोठ्या मात्रांचे पुरस्कर्ते झाले. वैद्यकाने आयांचा अपमान केला आणि मग औषधही दिलं नाही, तेव्हा पालकांनी स्वतः वाट काढायला घेतली. आजही परिस्थिती फारशी बदललेली नाही. स्वमग्नतेतल्या चिडचिडीसाठी अमेरिकेत रिस्पेरिडोनला २००६ मध्ये आणि अॅरिपिप्रॅझोलला २००९ मध्ये मान्यता मिळाली. पण गाभ्यातल्या लक्षणांवर सर्वमान्य असं औषध नाही. ही पोकळीच बाजार भरून काढतो.

त्या बाजारात माशाचं तेल सगळ्यात निरुपद्रवी म्हणावं लागेल. शरीरातले जड धातू काढण्याच्या नावाखाली केलेल्या चिलेशन उपचाराने २००५ मध्ये अमेरिकेत पाच वर्षांच्या एका स्वमग्न मुलाचा जीव गेला. आपल्याकडे स्टेम सेलच्या नावाने लाखो रुपये घेतले जातात. असल्या उपचारांच्या मानाने ओमेगाचे दुष्परिणाम म्हणजे ढेकर, मळमळ, पातळ शौच एवढेच. तरी काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. माशाची अॅलर्जी असेल तर हे तेल नको. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे. आणि कॉड लिव्हर ऑइल म्हणजे नेहमीचं माशाचं तेल नव्हे. त्यात ‘अ’ जीवनसत्त्व भरपूर असतं. ओमेगाचा डोस गाठायला ते जास्त पाजलं, तर ‘अ’ जीवनसत्त्वाचं प्रमाण घातक पातळीला जाऊ शकतं.

घरात बाटली असेल तर आता ती हातात घ्या. पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत ‘फिश ऑइल १००० मि.ग्रॅ.’ असं असेल. बाटली फिरवा आणि मागचं बारीक अक्षर वाचा. नेहमीच्या कॅप्सूलमध्ये ईपीए १८० आणि डीएचए १२० मि.ग्रॅ. असतं, म्हणजे कामाचं ओमेगा-३ फक्त ३००. उरलेलं साधं तेल. बेंट यांच्या चाचणीतला १.३ ग्रॅमचा डोस गाठायला अशा चारहून जास्त कॅप्सूल रोज लागतील. रंगीत गमीच्या गोळ्यांत तर ओमेगा-३ आणखीच कमी आणि वर साखर. म्हणजे ज्या चाचण्यांतून फायदा जेमतेम जाणवला, त्यांच्या पाव डोसावर घरोघर आशा चालली आहे. त्याच लेबलवर आणखी एक ओळ सापडेल, ‘औषधी वापरासाठी नाही’. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार पूरक आहाराच्या वेष्टनावर ती छापावी लागते. हे उत्पादन औषध म्हणून विकलं जात नाही, त्यामुळे ते गुणकारी असल्याचं औषधासारखं सिद्ध करण्याची सक्तीही उत्पादकावर नाही.

ब्रिटनमधली ‘नाइस’ ही संस्था तिथल्या सरकारी आरोग्यसेवेला मार्गदर्शन करते. स्वमग्न मुलांच्या झोपेच्या तक्रारींसाठी ओमेगा-३ वापरू नये, असं तिने २०१३ मध्येच स्पष्ट लिहिलं.

मग आहाराकडे बघायचंच नाही का? जरूर बघायचं, पण तेलाच्या आधी ताटाकडे. खाण्याच्या अडचणी स्वमग्न मुलांत इतर मुलांच्या पाचपट आढळतात, आणि त्यांच्या आहारात प्रथिनं आणि कॅल्शियम कमी पडतं, असं २०१३ च्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं. फळं-भाज्या पूर्ण बंद झाल्याने ‘क’ जीवनसत्त्व संपून मूल लंगडायला लागलं आणि तपासण्या हाडांच्या झाल्या, अशी उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. ज्या मुलाला बोलून दुखणं सांगता येत नाही, त्याच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं. म्हणून महागड्या बाटलीआधी हिमोग्लोबिन, लोह, ‘ड’ आणि ‘ब-१२’ तपासून घ्यावं. दात किडलाय का, बद्धकोष्ठता आहे का, हे पाहावं. कमतरता सापडली तर ती भरून काढण्याचा फायदा नक्की आहे, त्याला कुठल्या चाचणीची वाट पाहायला नको. मासे खाणाऱ्या घरात मूल बांगडा किंवा तारली खात असेल, तर उत्तमच. आठवड्यातून एक-दोनदा काटे नीट काढून द्या. शाकाहारी घरात जवसाची चटणी चांगलीच आहे, फक्त तिच्यातून डीएचए मोठ्या प्रमाणात मिळेल असं समजू नका.

आणि ज्याचा पुरावा माशाच्या तेलापेक्षा आश्वासक आहे, असं एक काम आपल्या शेजारी, गोव्यात झालेलं आहे. ‘संगथ’ या संस्थेने गोव्यात आणि तिच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या रावळपिंडीत २ ते ९ वर्षांच्या ६५ स्वमग्न मुलांवर एक चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त आले. त्यात औषध नव्हतं. आई किंवा वडील मुलाशी खेळतात, त्याचं चित्रीकरण करायचं. मग प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्य कार्यकर्तीने पालकांसोबत बसून ते पाहायचं. मुलाने गाडीचं चाक फिरवलं आणि तुम्ही “चाक फिरलं” म्हणालात, तेव्हा त्याने तुमच्याकडे पाहिलं, बघा. इथे तुम्ही “हा रंग कोणता, सांग” असं विचारलंत आणि तो उठून गेला. अशा सहा महिन्यांत बारा बैठका. ज्यांना गट ठाऊक नव्हते, अशा परीक्षकांनी नंतर चित्रफिती तपासल्या. मुलाच्या कलाने प्रतिसाद देण्याचं पालकांचं प्रमाण चांगलंच वाढलं होतं, आणि मुलं स्वतःहून संवाद सुरू करण्याचं प्रमाणही. एकत्र लक्ष देण्याचा काळ मात्र घटला, तेव्हा सगळंच साधलं असं नव्हे. पण स्वमग्नतेच्या गाभ्यातली एक गोष्ट इथे हलली, आणि तीही मानसोपचारतज्ज्ञांच्या फौजेशिवाय.

महिन्याच्या पैशांत ओमेगाची बाटली किंवा थेरपीचं एक सत्र यांतलं एकच परवडत असेल, तर माझं उत्तर स्पष्ट आहे, सत्र घ्या. दोन्ही परवडत असेल आणि तेल देऊन बघायचंच असेल, तर डॉक्टरांना विचारून बघा, पण चाचणीसारखं बघा. सुरू करण्याआधी दोन-तीन ठरावीक गोष्टी कागदावर लिहा. जेवताना तो किती मिनिटं बसतो, रात्री किती वेळा उठतो, आठवड्यातून किती वेळा स्वतःला चावतो. त्याच काळात दुसरा कुठलाही बदल करू नका. जमलं तर शाळेतल्या बाईंना तेलाबद्दल न सांगता त्यांचं निरीक्षण मागा. बारा आठवड्यांनी कागद पुन्हा काढा. फरक नसेल तर बाटली बंद करा, आणि बंद केल्याबद्दल मनाला टोचणी लावून घेऊ नका. तुम्ही मुलापासून काही हिरावून घेत नाही आहात.

एक मागणं आपल्या वैद्यकीय संस्थांकडेही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे १२७ माणसांमागे एक स्वमग्न आहे. तरी या विषयावरच्या कितीतरी चाचण्यांत पन्नास मुलंही नाहीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला, आणि त्याच्या तपासणीच्या यादीत स्वमग्नता आहे. जिल्हा रुग्णालयांतल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत ही मुलं रोज येतात. बेंट यांना इंटरनेटवरून तीन महिन्यांत ५७ मुलं मिळाली होती. महाराष्ट्रातल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी एकत्र येऊन पाचशे मुलांची, मासे खाणाऱ्या आणि न खाणाऱ्या घरांची, पुरेशा डोसाची आणि वर्षभराची एकच नीट चाचणी करावी. निकाल काहीही आला तरी तो मराठीत छापून पालकांच्या हातात द्यावा.